गाळ बसवणारे साहेब

आमचे साहेब लग्नाच्या पंगतीत जेवायला बसले की वाढप्यांना घाम फुटायचा. वरणाची बादली घेऊन कुणी समोर आला आणि पळी गरागरा फिरवायला लागला, की साहेब हात वर करून ओरडायचे, "हळू! हळू रे बाबा! दंगा करशील तर सगळं फुटंल. सावकाश फिरव. अजून एकदा. हां, आता वाढ." तोवर मागची अख्खी पंगत कोरडा भात घेऊन ताटकळलेली. एका लग्नात नवरदेवाच्या मामाने त्यांना दंडाला धरून उठवलं. साहेब उठले, पण मठ्ठ्याचा पेला हातात घेऊन उठले. मांडवाबाहेर उभं राहून, मठ्ठ्यातली जिऱ्याची भरड तळाला जायला किती वेळ घेते ते त्यांनी घड्याळ लावून बघितलं, मठ्ठा पिऊन टाकला आणि वधूवरांवर अक्षता न टाकताच घरी आले.

हा माणूस लातूर शहराला पाणी शुद्ध करून देणाऱ्या केंद्राचा प्रमुख होता. मी त्यांच्या हाताखाली केमिस्ट होते. पाण्यातला गाळ खाली कसा बसतो, का बसतो आणि कधी कधी हट्टाने का बसत नाही, यापलीकडे त्यांना जगात कशातही रस नव्हता. बायकोतही नसावा, असं मला तेव्हा वाटायचं.

मी भोकरची. बीएस्सी झाले, अर्ज केले आणि खात्यात लागले, तेव्हा लातूर नुकताच उस्मानाबादेतून फुटून वेगळा जिल्हा झाला होता. सगळं शहर नव्या नवरीसारखं नटण्याच्या घाईत होतं. रोज कुठल्या ना कुठल्या हापिसाची फीत कापली जायची. कारकुनांना नवे शिक्के मिळाले होते आणि ते दिसेल त्या कागदावर उमटवून बघत होते. फक्त पाणी नव्हतं. पाऊस लागोपाठ हुलकावणी देत होता, धरण तळाला चाललं होतं आणि नळ आठवड्यातून एकदा आला तरी लोक तो सण असल्यासारखा साजरा करायचे.

हजर व्हायला गेले तर साहेब खुर्चीत नव्हते. खिडकीच्या कट्ट्यावर सात बरण्या ओळीने मांडलेल्या होत्या, सगळ्यांत गढूळ पाणी, आणि साहेब फरशीवर गुडघे टेकून बरण्यांच्या उंचीला डोळे लावून बसलेले. बरण्या लोणच्याच्या होत्या. एकीला अजून मोहरीचा वास येत होता.

"बसा," मागे न बघता ते म्हणाले. "ह्या कडेच्या बरणीकडं बघा. गाळ बसला की सांगा."

मी ऑर्डरचा कागद हातात धरून स्टुलावर बसले. दोन तास बसले. शेवटी लाज सोडून म्हणाले, "साहेब, बसला नाही."

"काहीच न्हाई?"

"थोडी वाळू गेली तळाला. बाकी पाणी आहे तसंच आहे."

तेव्हा ते पहिल्यांदा वळले. बुटका माणूस, कानावर केसांचे झुपके, शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी तुरटीचा खडा. "शाब्बास! तुमच्या आधी एक आला होता. त्यानं दहा मिनटात सांगितलं, बसला म्हणून. लई हुशार होता. त्याला म्हणलं, जेवून या. तो अजून जेवूनच राहिलाय."

मग त्यांनी माझं नाव, गाव, आडनाव विचारलं. आडनाव विचारलं की पुढचा प्रश्न कुठल्या दिशेने येतो हे मला पाठ होतं, त्यामुळे मी अंग आखडून घेतलं.

"भोकरला पाणी कुठून प्यायचा?"

"आमच्या वस्तीची वेगळी विहीर होती," मी जरा कोरडेपणाने म्हणाले. "गावाच्या विहिरीवर आमच्या आजीला कुणी चढू देत नव्हतं."

"ते सोडा. तुमच्या विहिरीचं पाणी गढूळ होतं का?"

"होतं."

"हंड्यात किती वेळात निवळायचं?"

मला राग येता येता हसू आलं. आमच्या विहिरीची चौकशी पुष्कळांनी केली होती, पण निव्वळ गाळासाठी कुणी केली नव्हती. मी सांगितलं की आई रात्री तुरटी फिरवून ठेवायची, सकाळपर्यंत निवळायचं. तुरटी हाताने फिरवायची की पळीने, किती वेळा, कुठल्या दिशेने, असं सगळं त्यांनी खोदून खोदून विचारलं आणि वहीत उतरवून घेतलं. मग वही मिटून म्हणाले, "म्हणजे लहानपणापासून शिकतच होता की. बीएस्सी कशाला केली?"

तर त्यांचं शास्त्र असं होतं. वाळूचा कण जड, तो पाण्यात पडला की गपचूप तळ गाठतो. पण आपली काळी माती इतकी बारीक की तिचा एकटा कण कधी खाली जातच नाही. पाणी जरासं हललं तरी त्याच्याबरोबर वर जातो, आणि दुसरा कण जवळ आला की त्याला दूर लोटतो. तुरटी घातली की हे लोटणं थांबतं, कण एकमेकांना चिकटतात, कापसासारखे पुंजके होतात आणि पुंजका जड झाला की खाली बसतो. इथवर पुस्तकात आहे. साहेबांचा सगळा जीव पुढच्या गोष्टीत होता. चिकटायचं तर आधी भेटायला पाहिजे. पाणी अगदी स्थिर उभं राहिलं तर कण भेटत नाहीत. फार खळबळलं तर भेटलेले पुंजके फाटतात.

"बाजारात बघा," ते म्हणायचे. "रेणापूरच्या बाजारात माणसं सावकाश फिरतात. कुणाचा साडू भेटतो, कुणाची मावशी. घोळके करून उभे ऱ्हातात, रस्ता अडवतात. आता तिथं एखादा बैल उधळला तर? मावशी एकीकडं, साडू एकीकडं. पाण्यात बैल सोडायचा न्हाई, बाई. एवढीच आपली नोकरी."

हे त्यांना पटवून देण्यासाठी कुणीही चालायचं. न्हाव्याच्या दुकानात दाढीनंतर न्हावी तुरटी फिरवायला लागला की तिच्यावर व्याख्यान द्यायचे. न्हाव्याने पुढे त्यांना बघितलं की तुरटी फडक्याखाली लपवायला सुरुवात केली. चहा आला की कपातली पावडर तळाला जाईपर्यंत पीत नसत आणि समोरच्यालाही पिऊ देत नसत. कुणी भांडत आलं, तक्रार घेऊन आलं, रजा मागायला आलं, तरी उत्तर एकच, "बसू द्या." आधी मला वाटायचं, माणसाला बसवा म्हणतात. नंतर कळलं, ते त्या माणसाच्या डोक्यातल्या गाळाबद्दल बोलत.

एकदा सकाळी साहेब हजरच झाले नाहीत. दुपारी एसटीचा एक कंडक्टर आमच्या केंद्रावर आला. कपाळावरचा घाम पुसत म्हणाला, "तुमचे साहेब आमच्या गाडीत हायत. लातूर-रेणापूर, रेणापूर-लातूर, तिसरी खेप चालू हाय. मांडीवर बरणी हाय. उतरा म्हणलं तर म्हणतात, तिकीट काढलंय. शेजारी कुणी बसंना. बाँब हाय म्हणून एका म्हातारीनं बोंब ठोकली." मी आणि आमचा व्हॉल्व्हमन खाजाभाई स्टँडवर गेलो. साहेब खिडकीशी बसले होते. बरणीतलं पाणी बऱ्यापैकी निवळलं होतं आणि त्यांच्या तोंडावर आनंद मावत नव्हता. "बघा बाई! हापिसात तीन तास लागले, इथं खड्ड्यात दीड तासात बसला! ड्रायव्हरला सांगून राहिलो होतो, असाच चालव, तर तो शिव्या म्हणून घेऊन राहिला."

त्यांचा आणखी एक दावा होता, त्यावर तर आम्हीसुद्धा हसायचो. मांजरा नदीची बारीक वाळू चाळून ते दोन बादल्यांत सोडायचे. एकीतलं पाणी स्थिर, दुसरीतलं हळूहळू ढवळलेलं. त्यांचं म्हणणं, ढवळलेल्या पाण्यात वाळूचा कण कधी कधी स्थिर पाण्यापेक्षाही लवकर खाली येतो. "कण भोवऱ्याच्या पोटात थांबत न्हाई, कडेला फेकला जातो," ते बोटाने हवेत गोल काढत सांगायचे. "अन् कडेला त्याला खाली जाणारी धार गाठते. मग ती ढकलते की त्याला." आमच्यापैकी कुणीच विश्वास ठेवला नाही. त्यांनी एका विद्यापीठाला बारा पानी पत्र पाठवलं होतं. पोच आली नाही. मी स्वतः उतारवयाकडे झुकल्यावर नांदेडला एका प्रशिक्षणात बसले होते, आणि एक तरुण प्राध्यापिका फळ्यावर तेच भोवरे काढून तेच सांगायला लागली. माझ्या शेजारची बाई म्हणाली, तुम्ही हसताय का? मी म्हणाले, आमच्याकडे हे बादलीत होतं.

पण मूळ गोष्ट त्या दुष्काळी उन्हाळ्याची आहे.

धरणात उरलं होतं ते पाणी नव्हतं, रबडी होती. तळात चर खणून पंप बसवले होते आणि आमच्याकडे यायचं ते बिनदुधाच्या चहासारखं काही. ऐन वेळी, तुरटी घातलेलं पाणी सावकाश ढवळणाऱ्या यंत्राची मोटार जळाली. नवी मोटार मागवली, तर फाईल हरवली. लातूरच्या हापिसात विचारलं की ते म्हणत, जुनं प्रकरण, उस्मानाबादला असेल. उस्मानाबादला विचारलं की ते म्हणत, तुमचा जिल्हा तुम्ही घेऊन गेलात, फाईलपण नेली असेल. महिनाभर आम्ही दोन जिल्ह्यांच्या मधोमध लोंबकळत होतो. वस्त्यांमधून जुलाब-उलट्यांच्या बातम्या यायला लागल्या होत्या. सरकारी दवाखान्यातल्या एक नर्सबाई रोज येऊन मला विचारायच्या, "आज कसंय?" आणि माझ्या हातातली नमुन्याची बाटली बघून तशाच निघून जायच्या.

एका दुपारी साहेब मला म्हणाले, "बाई, चला. लाकूड बघायचंय."

जुन्या कचेरीच्या मागे पाट्यांचा ढीग पडला होता. नवा जिल्हा झाल्यावर सगळ्या हापिसांवरच्या 'जिल्हा उस्मानाबाद' लिहिलेल्या जुन्या पाट्या काढून तिथे टाकल्या होत्या. अस्सल सागवानी, लांबरुंद, कधीतरी लिलाव होईल म्हणून उन्हात पडलेल्या. साहेबांच्या डोक्यातली कल्पना अशी: यंत्र नाही तर नाही, पाणी ज्या लांब चरातून टाकीकडे जातं, त्या चरात एक फळी डावीकडून, एक उजवीकडून अशा आडव्या उभ्या करायच्या. पाणी नागमोडी वळणं घेत जाईल आणि वळता वळता आपोआप सावकाश ढवळलं जाईल. मोटार नको, वीज नको, फाईलही नको.

"साहेब, ही सरकारी मालमत्ता आहे," मी म्हणाले.

"पाणी कुणाचं हाय?"

"तेही सरकारी."

"मग? सरकारचं सरकारला."

पहारेकऱ्याला त्यांनी एक चिठ्ठी लिहून दिली, 'अकरा पाट्या घेऊन जात आहे. पाण्यासाठी,' खाली सही आणि हुद्दा. भर दुपारी, सगळ्यांच्या देखत, हातगाडीवर घालून आम्ही पाट्या आणल्या. कुठल्या फळ्या पोखरलेल्या नाहीत ते ठोकून बघून चार मी निवडल्या. मी एकच अडून बसले. रंग लावलेली पाटी पिण्याच्या पाण्यात जाणार नाही. साहेब म्हणाले, जुना रंग हाय, सुटत न्हाई. मी म्हणाले, मी सही करणार नाही. ते वैतागले, पण सुतार बोलावला. माझ्यासमोर अकराही फळ्या रंध्याने साफ करून घेतल्या. एका पाटीवर मात्र अक्षरं कोरलेली होती. तिचा रंग गेला, अक्षरं राहिली.

तिसऱ्या दिवशी टाकीवर निवळ पाणी दिसायला लागलं. दाखवायला म्हणून खाजाभाईने तांब्याचा पैसा टाकीत टाकला आणि तो पार तळाला पडलेला आम्हाला दिसला. साहेब तर टाकीच्या कठड्यावर पालथे झोपून पुंजके बघत होते, "आले बघा, आले, बर्फावानी आले," असं काहीतरी बडबडत. पंधरा दिवसांनी नर्सबाई आल्या आणि पहिल्यांदा हसल्या. मी रोज वहीत तपासणी लिहीत होते, खाली माझी सही: पाणी पिण्यायोग्य, लाकडाचा वास नाही, रंगाचा अंश नाही.

मग पाहुण्यांचं निघालं. खात्याचे सचिव मुंबईहून नवा जिल्हा बघायला येणार होते. नव्या जिल्ह्याबरोबर एक नवे इंजिनिअर आमच्यावर आले होते. माणूस वाईट नव्हता, पण वरच्यांना खूश करायची घाई फार. ते दोन दिवस आधी केंद्रावर आले आणि म्हणाले, "सचिवसाहेब आहेत तोवर तीन दिवस शहरात सगळीकडे रोज नळ आला पाहिजे. पंप दुप्पट चालवा."

"दुप्पट चालवला तर चरात बैल सुटंल," आमचे साहेब म्हणाले.

"काय सुटेल?"

"पाणी जोरात आलं की पुंजके फाटतील. सगळा गाळ पुढं जाईल, गाळणीतला वाळूचा थर तुंबंल, अन् लोकांच्या घरात चिखल. मागच्या महिन्यात जुलाब होते. आता कुठं थांबलेत."

"तीन दिवसांचा प्रश्न आहे."

"जुलाबाला एकच दिवस लागतो, साहेब."

इंजिनिअर माझ्याकडे वळले. "मॅडम, पाणी पिण्यायोग्य असल्याचा तीन दिवसांचा दाखला तयार ठेवा."

"आधीच?" मी विचारलं.

"आधीच."

मी तात्पुरत्या नेमणुकीवर होते, वर्ष पुरं झालं नव्हतं. मी 'हो' म्हणाले नाही आणि 'नाही' म्हणायचंही धाडस झालं नाही. साहेब खिशातला तुरटीचा खडा काढून त्याच्याकडे बघत राहिले.

सचिव आले. आवारात मांडव, टेबलावर पांढरी चादर, हार, किसलेल्या नारळाच्या वड्या. भाषण सुरू होणार, तेवढ्यात आमचे साहेब दोन बरण्या घेऊन आले आणि चादरीवर, हारांच्या मधोमध ठेवल्या. दोन्हींत सारखं गढूळ पाणी, दोन्हींत सारखीच तुरटी. त्यांनी एक बरणी लाकडी पळीने अगदी सावकाश फिरवली. दुसरी अशी घुसळली की थेंब सचिवांच्या कोटावर उडाले.

"हे काय चाललंय?" इंजिनिअर ओरडले.

"बसू द्या," साहेब म्हणाले.

सचिव पांढऱ्या केसांचे, शांत गृहस्थ होते. त्यांनी कोट झटकला आणि विचारलं, "किती वेळ लागेल?"

"वीस मिनटं."

"तोपर्यंत आम्ही काय करायचं?"

"बसायचं. ते बसेपर्यंत आपण बसायचं."

आणि मुंबईहून आलेला तो एवढा मोठा माणूस खरंच बसला. त्यामुळे सगळ्यांनाच बसावं लागलं. वीस मिनिटं अख्खा मांडव त्या दोन बरण्यांकडे बघत होता. फोटोग्राफर तेवढ्यात नारळाच्या चार वड्या खाऊन मोकळा झाला. पहिल्या बरणीत पुंजके दिसायला लागले, मग हळूहळू खाली उतरले आणि वरचं पाणी असं निवळलं की पलीकडचा इंजिनिअरचा तांबडा चेहरा स्वच्छ दिसला. दुसरी बरणी होती तशीच.

"हे पहिलं कुठलं?" सचिवांनी विचारलं.

"आता आम्ही देतो ते."

"आणि हे दुसरं?"

"हे उद्यापासून तीन दिवस, तुमच्या मानासाठी."

सचिवांनी इंजिनिअरकडे बघितलं. "माझ्या मानासाठी नको," ते म्हणाले. "नेहमीसारखं चालू द्या." मग ते चर बघायला आले. वाकून फळ्या न्याहाळत होते तोच निवळ पाण्यातून कोरलेली अक्षरं त्यांना दिसली. ते जोरात हसले. "म्हणजे तुमचं पाणी अजून उस्मानाबाद जिल्ह्यातूनच येतं!"

सगळे हसले. इंजिनिअर हसले नाहीत. सचिवांची गाडी फाटकाबाहेर गेली आणि आठ दिवसांत आमच्याकडे चौकशीचा कागद आला. लिलावाची सरकारी मालमत्ता परवानगीवाचून उचलली, तोडफोड केली. कुणी कुणी केली? प्रत्येकाने लेखी खुलासा द्यावा.

साहेबांनी मला समोर बसवलं. "लिहा, बाई. 'पाट्या कुठून आल्या हे मला माहीत नव्हतं. साहेबांनी सांगितलं तेवढंच काम मी केलं.' तारीख घाला, सही करा."

"हे खरं नाही, साहेब."

"खऱ्याचं काय करायचंय? तुमची नोकरी कच्ची हाय. माझी पिकून सडायला आलीय. लिहा गप."

मी लिहिलं, पण दिलं नाही. रविवारी भोकरला गेले तेव्हा पिशवीत घालून नेलं. माझे वडील रस्त्याच्या कामावर मुकादम होते. धाकट्या बहिणीचं शिक्षण माझ्या नोकरीवर चाललं होतं. त्यांनी कागद दोनदा वाचला.

"साहेब सवताहून म्हणून राहिला ना, लिही म्हणून?"

"हो."

"मग दे. असा साहेब कुणाला भेटतो? दे अन् मोकळी हो."

मलाही तसंच वाटत होतं. मी काही शूर वगैरे नव्हते. पण सोमवारी कामावर येऊन रोजच्यासारखी तपासणीची वही उघडली आणि अडकले. पानामागून पान माझी सही होती. लाकडाचा वास नाही, रंगाचा अंश नाही. फळ्या कुठल्या हे मला माहीतच नव्हतं, तर मी दोन महिने कशावर सही करत होते? आणि जे पाणी हजारो घरांत गेलं, ते कुणाच्या भरवशावर गेलं? आयुष्यभर लोक आम्हाला सांगत आले होते, तुम्हाला काय कळतंय. आता मीच माझ्या हाताने तसं लिहून द्यायचं होतं.

मी तो कागद फाडला आणि दुसरा लिहिला. अकरापैकी चार फळ्या मी निवडल्या. रंग काढून घेण्याचा आग्रह माझा होता. फळ्या बसवण्याआधीचं आणि नंतरचं पाणी मी तपासलं, त्याची वही सोबत जोडली आहे. फळ्या काढल्यास पाण्याची जबाबदारी मी घेऊ शकणार नाही. सही केली आणि साहेबांना न दाखवता पाठवून दिला.

संध्याकाळी त्यांना कळलं. ते इतके चिडले की कानावरचे झुपके थरथरत होते. "अक्कल हाय का न्हाई तुम्हाला? सांगितलेलं कळत न्हाई? कोण तुम्ही, हुतात्मा? एवढं शिकून गाढवच राहिला!" मी खाली मान घालून उभी राहिले. त्या दिवसापासून ते माझ्याशी बोलायचे बंद झाले. काम असलं की बरणीखाली चिठ्ठी ठेवायचे. 'तुरटी वाढवा.' 'खाजाला रजा द्या.' एकदा नुसतं 'हट्टी,' बाकी काही नाही.

निकाल लागला. मला कायम करायचं वर्षभर पुढे ढकललं. साहेबांची बदली देगलूरला झाली. फळ्या मात्र कुणी काढल्या नाहीत. काढायचा हुकूम लिहायला कुणी तयार होईना. जायच्या दिवशी साहेब सकाळी आले, चर बघितला, खाजाभाईला एका झडपेवरून झापलं आणि दुपारच्या गाडीने गेले. माझ्या टेबलाजवळून गेले, पण थांबले नाहीत. मला लागलं ते. घरी जाऊन मी आईला पत्र लिहिलं की, जाऊ दे, विक्षिप्तच माणूस.

सात-आठ वर्षं गेली. मी कायम झाले, वरच्या जागेवर गेले, तपासणीसाठी गावोगाव फिरायला लागले. एकदा उदगीरला काम निघालं. साहेब निवृत्त होऊन तिथेच त्यांच्या मूळ घरी राहतात असं कळलं होतं. जावं की न जावं करत गेले.

दार काकूंनी, साहेबांच्या बायकोने, उघडलं. त्यांना मी पूर्वी एकदाच बघितलं होतं. साहेब ओसरीवर पाटावर बसले होते, बरेच वाळलेले. मला बघून त्यांनी नमस्कार नाही, या नाही, सरळ विचारलं, "कायम व्हायला वर्ष उशीर झाला की न्हाई?"

"झाला."

"सांगितलं होतं."

काकू आतून पाणी घेऊन आल्या. तांब्या माझ्या हातात देत म्हणाल्या, "ह्यांचं मनावर घेऊ नका, बाई. घरात दुसरंच सांगून ऱ्हातात."

"ए, तू गप," साहेब म्हणाले.

"का गप? बडतर्फीचा कागद टाइप होऊन तयार होता म्हणे. ह्यांनी स्वतःच्या फायद्याकरता फळ्या नेल्या असं लावलं होतं. तुमचा तो खुलासा अन् ती वही वर गेली. वरच्यानं वाचली अन् म्हणला, ह्या माणसाला बडतर्फ कसं करायचं? म्हणून निस्ती बदली झाली. पेन्शन राहिली, आम्ही राहिलो. आल्यागेल्याला सांगतात, सगळ्या नोकरीत एक बाई भेटली, तिनं माझं ऐकलं न्हाई म्हणून वाचलो."

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मी साहेबांकडे बघितलं. ते अंगणाकडे तोंड करून बसले होते.

"साहेब, तुम्ही बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं? तुमचं एक वर्ष गेलं ते गेलंच ना?"

"गेलं."

"मग?"

"मग काय, साहेब. तुमची नोकरी राहिली."

साहेब मग गुडघ्यावर हात टेकून उठले, "चहा टाक हिला," असं काकूंना म्हणाले आणि मागच्या दाराने निघून गेले. पुष्कळ वेळ परत आले नाहीत. माझा चहा होत आला. मी काकूंना विचारलं, कुठे गेले, त्यांना राग आला का?

"छे! न्हाणीत गेलेत," काकू कपबशी उचलत म्हणाल्या. "रडायचं असलं की तिकडंच जातात. तुम्ही बसा. अजून अर्धा कप टाकते."